वरून खरपूस, खाली कच्चं

१० जून

चि. खारूस,
मोठ्या मावशीचे पोटभर आशीर्वाद.

आधी सगळ्यांची खुशाली विचारते, मग तुझ्या कामाकडे वळते. पुढचं पान आधी उलटू नकोस, तुझी ती खोड मला लहानपणापासून ठाऊक आहे. बारकीचा, म्हणजे तुझ्या आईचा, पाय कसा आहे? काठी टेकत बाथरूमपर्यंत जाते, की अजून तुझ्याच खांद्याला लोंबकळते? जावईबापूंची पाठ काय म्हणते? दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात वाकून जगाला वर पाठवायचं आणि घरी येऊन आपण आडवं व्हायचं, असलं बिचाऱ्यांचं काम. छोटीचा पुढचा दात पडला, का अजून जिभेनं झोके देतेय? बोका बारकीच्या पायाशी झोपतो ना? झोपू दे, हुसकू नका. हाडाला ऊब लागते. तुझं मुद्दाम शेवटी विचारते, कारण तू ‘मी मजेत’ एवढंच लिहिणार. दिवसभर परक्यांच्या कवळ्या घडवायच्या आणि घरी आल्यावर आईच्या तोंडात घास जावा म्हणून झटायचं. तुला कोण विचारतं, ते कळव.

माझं म्हणशील तर डावा कान पुरता रजेवर गेलाय आणि उजवा अर्धा दिवस कामाला येतो. म्हणून फोन करू नकोस. तू बोलतेस एक, मी ऐकते भलतंच, आणि खालच्या दुकानातले बटणवाले मधे पडून ओरडून सांगतात ते तिसरंच. पत्र बरं.

तू लिहिलंस की इस्पितळातून आल्यापासून बारकी ताट पुढे सरकवते. सूप दोन चमचे, ब्रेडचा कडेचा तुकडा, संपलं. खाल्लं नाही तर हाड भरून येणार नाही असं डॉक्टर म्हणतात. आणि परवा खिडकीकडे तोंड करून एकदम म्हणाली, “कॉब्लर असता तर खाल्ला असता.” हे वाक्य मी परत परत वाचलं गं. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये होतो त्या दिवसांत आम्ही दोघी बहिणी पीचचा मोसम सुरू झाला की परातभर कॉब्लर भाजायचो. यंत्रांवरची माणसं भोंगा व्हायच्या आधी रांगेत उभी राहायची. तो स्वाद तिच्या जिभेवर अजून आहे, म्हणजे भूक मेलेली नाही. रुसलीय फक्त.

तर लिही. पीच मोठे सहा घे. हाताला किंचित दबतील असे, पण मऊ पडलेले नकोत. उकळत्या पाण्यात बुडवून लगेच गार पाण्यात टाकलेस की पायातला मोजा उतरावा तशी साल उतरते. बोटाएवढ्या जाड फोडी कर. वर अर्धी वाटी साखर, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर दालचिनी, आणि रस दाट व्हावा म्हणून चमचाभर कॉर्नफ्लोअर. हे सगळं खोलगट भांड्यात घाल.

आता वरचं पीठ. दीड वाटी मैदा, दोन चमचे बेकिंग पावडर, चिमूट मीठ, थोडी साखर. त्यात फ्रिजमधून काढलेल्या लोण्याचे खडे घालून बोटांच्या टोकांनी चोळ. तळहात लावायचा नाही, तळहात गरम असतो, लोणी वितळतं. ओल्या वाळूसारखं झालं की गार दूध घालून चमच्यानं चारच वळसे दे. गुठळ्या दिसल्या तर दिसू दे. मळत बसशील तर वर वीट तयार होईल. चमच्याचमच्यानं हे पीठ फोडींवर टाक, मधे फटी राहू देत. मग चांगल्या तापलेल्या ओव्हनमध्ये, वरून खरपूस रंग येईपर्यंत.

एवढंच. काही राखून ठेवलेलं नाही.

जमलं नाही तर सांग. मला इथे काय काम आहे? पण मी आपणहून येणार नाही, हे तुला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी तुमच्या जिन्यात उभी राहून बोलले होते, बोलावल्याशिवाय या घरात पाऊल टाकणार नाही म्हणून. बोललेलं गिळायला माझेही दात आता उरलेले नाहीत.

उत्तर धाड. बारकीनं किती खाल्लं ते नीट लिही.

तुझी
मोठी मावशी


१९ जून

ती. मोठ्या मावशीस,
खारूचा नमस्कार.

छोटीचा दात पडला. तिनं तो मला आणून दिला आणि म्हणाली, “हा बसव परत, तुला येतं ना!” माझ्या कामाची घरात एवढीच किंमत. आईचा पाय ठीक आहे, पण चालायला ताकद नाही. बोका जागेवर आहे. मी मजेत.

कॉब्लर केला. मावशी, दिसायला असा झाला की छोटी टाळ्या पिटायला लागली. वर सोनेरी डोंगर, मधल्या फटींतून रस बुडबुडतोय, घरभर वास. आईनं उशीवरून मान उचलली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं स्वतःहून मान उचलली गं! मी वाटीत काढायला चमचा घातला आणि खाली सगळा लगदा. वरचं बोटभर छान भाजलेलं, त्याच्याखाली पांढरं, चिकट, कच्चं पीठ. भिंतीला कागद चिकटवता आला असता.

मी वरचं वरचं खरवडून दिलं. आईनं दोन चमचे खाल्ले, जिभेवर घोळवले, माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटून म्हणाली, “कृती ताईचीच ना? तशीच कर परत. आपल्या मनानं काही बदलू नकोस.”

मी सगळं तंतोतंत केलं होतं. तुला ठाऊक आहे, केसभर चुकलं तर कवळी हिरडीला टोचते, त्यामुळे मला मापाची सवय आहे. कृतीतलं काही राहिलंय का? एकदा बघ ना आठवून.

तुझी
खारू


२५ जून

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

दोन चमचे का होईना, खाल्ले! मी बटणवाल्यांना जिन्यातूनच ओरडून सांगितलं. त्यांना वाटलं मला लॉटरी लागली.

राहिलंय म्हणतेस, काय राहणार? मी हे उभ्या आयुष्यात इतक्या वेळा केलंय की झोपेत उठवलं तरी हात चालेल. दोष दुसरीकडे असणार. एक तर पीच जास्त रसाळ असतील, पाणी सुटलं की पीठ भिजतं. नाहीतर तुमच्या ओव्हनची खालची सळई दमली असेल. वर भाजतंय आणि खाली नाही, म्हणजे सळईच. जावईबापूंना सांग, अख्खी इमारत वरखाली करणाऱ्या माणसाला एक ओव्हन जड नाही. आणि पीठ चमचा भरून टाकतेस की हात सैल सोडून? थोडं थोडं टाक.

खरं सांगू का, असल्या गोष्टी हातात असतात गं, पत्रात मावत नाहीत. मी शेजारी उभी असते तर नुसत्या वासावरून सांगितलं असतं. पण ते राहू दे. परत कर. बारकी विचारते का माझ्याबद्दल? म्हणजे सहज विचारते.

लवकर लिही.

तुझी
मोठी मावशी


८ जुलै

ती. मोठ्या मावशीस,
नमस्कार.

उशीर झाला, रागावू नकोस. घरी जरा गडबड होती.

तुझ्या जावईबापूंनी अख्खी रविवारची दुपार ओव्हन उघडून काढली. जमिनीवर स्क्रू पसरलेले, पाठीला हात, तोंडात बॅटरी. सळई ठणठणीत निघाली. तरी तू म्हणालीस म्हणून त्यांनी नवी बसवली. पीच मी कमी पिकलेले आणले. पीठ नखाएवढं नखाएवढं टाकलं. मावशी, परत तेच. वरून खरपूस, खाली कच्चं. त्याच्या पुढच्या खेपेला वेळ वाढवला, तर वरचं काळं पडलं आणि खालचं तसंच.

मी फेकून द्यायला निघाले होते, पण आईनं वाटी हातातून घेतली. सगळं खाल्लं. खालचा लगदासुद्धा चमच्यानं निपटून खाल्ला. मी म्हटलं, “आई, अगं कच्चं आहे ते.” तर म्हणाली, “ताईनं सांगितलेलं आहे, टाकायचं नाही.” नंतर पोट थोडं दुखलं तिचं. आता ठीक आहे, काळजी करू नकोस.

मी मात्र आता करणार नाही. वाईट वाटून घेऊ नकोस, तुझा यात काही दोष नाही. परवा कामावर एका म्हातारबाबांना कवळी बसवून दिली. त्यांनी तिथल्या तिथे सफरचंद चावलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळे माझं कौतुक करत होते आणि मला मनातल्या मनात शरमल्यासारखं झालं. परक्याच्या तोंडात घास जावा एवढं मला जमतं, आणि आईनं एक पदार्थ मागितला तर तेवढा होत नाही. माझ्या हातालाच ते येत नसेल.

तू विचारलंस, आई तुझ्याबद्दल विचारते का. पोस्टमन येऊन गेला की विचारते, “ताईचं काही?” मी पत्र वाचून दाखवते. ती कृतीचा भाग दोनदा वाचायला लावते, आणि झालं की म्हणते, “बरं.” 

तुझी
खारू


१३ जुलै

चि. खारूस,

आज खुशाली विचारत नाही. विचारायला तोंड नाही.

तुझ्या हातांना काही झालेलं नाही. सळईला झालेलं नव्हतं, पीचला झालेलं नव्हतं. कृतीतली एक गोष्ट मी लिहिलीच नाही. विसरले नाही. पेन उचलून तेवढीच सोडून पुढे गेले.

आधी ती लिहिते, नाहीतर परत माझं धैर्य पळेल. साखर-लिंबू लावलेल्या फोडी भांड्यात घातल्या की पीठ लगेच टाकायचं नाही. आधी नुसत्या फोडीच ओव्हनमध्ये ठेवायच्या, कडेनं खळखळून उकळी फुटेपर्यंत. मग भांडं बाहेर काढून त्या कढत फोडींवर पीठ टाकायचं आणि लगेच परत आत. म्हणजे पीठ वरून भट्टीच्या आचेवर भाजतं आणि खालून वाफेवर शिजतं. गार फोडींवर टाकलं तर खाली कच्चंच राहणार. तू असो, मी असो, कुणीही असो.

आता का ते. वाचताना तुला राग येईल, येऊ दे.

दोन वर्षांपूर्वी मी तुमच्याकडे राहायला आले तेव्हा मला वाटलं, मी मदत करतेय. बारकीचे डबे मी माझ्या सोयीनं लावले. तिचा तवा टाकून दिला, माझा आणला. ती भाजी चिरायला बसली की मी सुरी हातातून घ्यायचे, “सरक, तुला वेळ लागेल.” एक दिवस ती म्हणाली, “ताई, माझ्याच स्वयंपाकघरात मी पाहुणी झालेय.” एवढंच म्हणाली. आवाजसुद्धा चढवला नाही. आणि मी ट्रंक भरली. जिन्यात काय बोलले ते तुला माहीत आहे.

तेव्हापासून वाट बघतेय. दर पत्रात वाटायचं, यात असेल, ‘मावशी ये’ म्हणून. मग तुझं पत्र आलं की बारकीनं कॉब्लर मागितला. खारू, मला आधी आनंद झाला. बहीण उपाशी आहे हे वाचून मला आनंद झाला, कारण तिला जे हवं ते माझ्याकडे होतं. पूर्ण कृती दिली तर तू करशील, ती खाईल, आणि माझं काय काम? एक दुवा काढून ठेवला की अडेल, अडलं की बोलावतील. असा हिशोब. आणि तुम्ही अडलात, पण बोलावलं नाहीत. तू आपली शहाण्या मुलीसारखी परत परत करत राहिलीस, आणि मी इथे बसून सळईवर खापर फोडत राहिले.

तुझं परवाचं पत्र वाचून मी बाजारात गेले. पीच आणले, इथेच केला. चांगला झाला, खालपर्यंत शिजलेला. एक वाटी बटणवाल्यांना दिली. त्यांनी चाटूनपुसून खाल्ली, म्हणाले, “बाई, तुम्ही दुकान काढा.” मी माझी वाटी घेऊन बसले आणि तशीच झाकून ठेवली. डोळ्यांसमोर बारकी, कच्चा लगदा निपटून खाणारी. ताईनं सांगितलंय म्हणून.

हे पत्र तिला वाचून दाखव. गाळून वाचू नकोस, गाळायचं काम मी पुरेसं केलंय. तिच्या पोटाचं खरं खरं कळव. जावईबापूंना सांग की सळईसाठी मी त्यांना पाठ मोडायला लावली, त्यांच्यापुढे मान वर करायची माझी सोय नाही.

तुझी
मावशी


२५ जुलै

चि. खारूस,

तुझं उत्तर नाही. पोस्टमन आला की मी जिन्यात जाऊन उभी राहते. तो आता लांबूनच मान हलवतो.

राग आला असेल तर रागाचंच लिही. चार शिव्या लिही. बारकी बरी आहे एवढं तरी एका ओळीत कळव. बटणवाल्यांना तुमच्याकडे फोन लावायला सांगितला होता, कुणी उचलला नाही. घरात कुणीच नव्हतं का गं? दुपारच्या वेळी सगळे कुठे गेले होते?

मावशी


२९ जुलै

ती. मोठ्या मावशीस,

नमस्कार. आई बरी आहे, आधी ते. आता बाकीचं.

घरात कुणी नव्हतं, कारण आम्ही इस्पितळात होतो. मीही तुला गाळूनच लिहिलं होतं. ‘पोट थोडं दुखलं’ म्हणजे किती, ते तुला सांगितलं नाही. त्या कच्च्या पिठानं तिला वांत्या सुरू झाल्या. आधीच अंगात काही नाही. त्या वेळी कसंबसं थांबलं म्हणून तुला ‘ठीक आहे’ लिहून टाकलं. मग अशक्तपणा वाढत गेला आणि तिला परत दाखल करावं लागलं. हाताला सलाईन, आणि मी बाकावर बसून स्वतःचे हात बघतेय, की याच हातांनी भरवलं.

तुझं कबुलीचं पत्र मला तिथे मिळालं. तुझ्या जावईबापूंनी घरून टपाल आणलं होतं. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा चुरगळून पिशवीत कोंबलं. तुझ्याशी जन्मात बोलायचं नाही असं ठरवलं. सांगून ठेवते, कारण ठरवलं होतं ते खरं आहे. मावशी, मी रडले होते गं त्या लगद्यापायी. तुला माहीत होतं, तरी तू मला पीठ थोडं थोडं टाकायला सांगत होतीस.

शेवटी आईच म्हणाली, “ताईचं काही?” मग मी ते सरळ केलं आणि तिच्या उशाशी बसून वाचून दाखवलं. काहीही न गाळता. फोडी आधी तापवायच्या, इथपर्यंत आले आणि आई हसायला लागली. सलाईन लावलेली बाई हसतेय म्हणून नर्स धावत आली.

आईला माहीत होतं. पहिल्या घासाला कळलं होतं तिला. मी म्हटलं, “मग सांगितलं का नाहीस?” तर म्हणते, “मी कशाला सांगू? तिनं लपवलंय, तिनंच सांगायला हवं. वाट बघत होते.” तिनं काय सांगितलं माहीत आहे? फोडी आधी तापवायची गोष्ट तुझी नाहीच. तिची आहे. तुम्ही कॅन्टीनमध्ये नवीन होतात तेव्हा ती फोडींची परात भट्टीत विसरली. उकळी फुटली, बाहेर भोंगा वाजायला आलेला. तू ओरडलीस, “बारके, सगळं वाटोळं केलंस!” आणि वेळच नव्हता म्हणून त्याच कढत फोडींवर तुम्ही पीठ टाकलंत. त्या दिवसापासून कॉब्लर खालपर्यंत शिजायला लागला. “माझीच चूक होती ती,” आई म्हणाली, “आणि तिनं ती मलाच वाढली नाही.”

मग मला दोघींचाही राग आला. तिथेच, नर्ससमोर म्हणाले, “तुम्ही दोघी बहिणींनी माझ्या पिठावर तुमचं भांडण भाजलंत! एक लपवतेय, दुसरी ओळखून कच्चं गिळतेय, आणि मधल्या मधे मी वेडी ठरतेय!”  आई म्हणाली, “चुकलं. मी खायला नको होतं. पण मी परत पाठवलं असतं, तर ताईला वाटलं असतं की मी अजून रागावलेय.”

शनिवारी तिला घरी आणलं. रविवारी मी कॉब्लर केला. फोडी आधी तापवल्या, कडेनं खळखळायला लागल्यावर पीठ टाकलं. शिजला, मावशी. खालपर्यंत शिजला. तुझे जावईबापू म्हणाले, “सळई बदलल्यामुळेच हं!” पाठीचं दुखणं त्यांनी विनोदात वसूल केलं. छोटीनं दोन वाट्या खाल्ल्या, बोक्यानं भांडं चाटलं. आईनं एक वाटी खाल्ली, सावकाश, पूर्ण. मी दुसरी वाढायला गेले तर तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. म्हटलं, “काय झालं? पोटात दुखतंय?” तर म्हणाली, “आता खारूला सगळं येतं. ताईला यायला आता काही कारण उरलं नाही.”

मी तिला म्हटलं, बोलावू का? तर हट्टानं मान हलवली. “बोलावून आली तर काय आली? यायचं तर आपल्या मनानं यावं.” तुम्ही दोघी एकाच मातीच्या आहात, आणि ती माती भाजून भाजून दगड झालीय.

म्हणून मी तुला बोलावत नाही. हे पत्र बोलावणं म्हणून वाचू नकोस. नुसती माहिती देते. आमच्या टेबलाला पाच खुर्च्या आहेत आणि पाचवीवर सध्या बोका बसतो. आणि कुणी आलंच, तर माझ्या स्वयंपाकघरात कशालाही हात लावायचा नाही. डबे जिथे आहेत तिथेच राहतील. सुरी कुणाच्या हातातून घ्यायची नाही. जे वाढलं जाईल ते मुकाट्यानं खायचं.

राग गेलेला नाही. पण चार शिव्या लिही म्हणालीस, तेवढ्या मात्र सुचल्या नाहीत.

खारू


२ ऑगस्ट

चि. खारूस,
आशीर्वाद, घेणार असलीस तर.

तुझं पत्र घेऊन जिन्यातच बसले.  बटणवाले पाणी घेऊन वर आले आणि, या माणसाला कधी काय कळेल सांगता येत नाही, काही न विचारता शेजारच्या पायरीवर बसून राहिले.

बारकीला वांत्या झाल्या, सलाईन लागलं, ते माझ्यामुळे. यावर मी ‘माफ कर’ लिहिलं तर ते वरच्या रंगासारखं होईल, म्हणून लिहीत नाही. तुझा राग आहे तोवर असू दे. घाईनं खाली उतरवू नकोस.

परात बारकीच विसरली होती, हे खरं आहे. वाचलं आणि भट्टीची धग परत तोंडावर आली. तिचा घाबरलेला चेहरासुद्धा दिसला, पिठाचे हात एप्रनला पुसत उभी असलेली. मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले की ही युक्ती माझी. ते मी खरोखर विसरले होते, का सोयीनं विसरले होते, हे आता माझं मलाही सांगता येत नाही. तिचंच घेतलं आणि तिलाच वाढलं नाही. हे लिहायला बसले आणि पेन दोनदा खाली ठेवलं.

दोन दिवस मी डोकं खाजवत शोधतेय, आणखी काय काय राखून ठेवलंय. एक सापडलं. पीठ टाकून झाल्यावर वरून चमचाभर साखर भुरभुरायची, म्हणजे वरचं कवच दाताखाली कुरकुरतं. ही मात्र माझी, बारकीला विचार. तीही आता तुझी झाली. आता तुम्ही अडून राहावं असं माझ्याजवळ काहीही उरलेलं नाही, मुली. ट्रंक बरोबर घेतेय, पण हात रिकामे आहेत.

तू बोलावलेलं नाहीस, हे नीट वाचलं. बारकीनंही बोलावलेलं नाही. सोमवारी सकाळच्या गाडीनं निघते. जिन्यातलं बोललेलं गिळतेय. दात नाहीत म्हणून सावकाश, पण गिळतेय. तुमच्या कारखान्यात माझ्या मापाची कवळी असली तर बघ, नसली तरी चालेल, कॉब्लर मऊ असतो. दारातून आत आले की सरळ त्या पाचव्या खुर्चीवर बसेन आणि हात मांडीवर ठेवीन. कुणाला काही सुचवणार नाही. बारकी चिरायला बसली आणि तिला दुपारभर लागली, तर दुपारभर बघत बसेन. तुमच्या घरी पाहुणी म्हणून येतेय, पाहुण्यासारखी राहीन. कसं वाटतं ते मलाही एकदा कळू दे.

जावईबापूंना म्हणावं, सळईचं बोलणं मी समोर बसून ऐकेन, एकही टोमणा शिल्लक ठेवू नका. छोटीला म्हणावं, दात बघायला येतेय. बोक्याला म्हणावं, खुर्ची सोड.

बारकीला हे वाचून दाखव आणि ती काय म्हणते ते लिही. दोन ओळींत असलं तरी चालेल, पण लवकर लिही. सोमवारच्या आत पोचलं नाही, तर तिच्याच तोंडून ऐकेन. यावेळी उत्तराची वाट बघत थांबणार नाही.

तुझी
मावशी